पेडिकल स्क्रूचे नवे सेट: धातू उत्तम, कस लागतो जोडांवर

पेडिकल म्हणजे मणक्याच्या मागच्या भागातून पुढच्या भागाकडे जाणारा हाडाचा अरुंद देठ. त्यातून स्क्रू घालून आणि ते रॉडने जोडून पाठीचे मणके एकमेकांना धरून ठेवतात. छोट्या छेदातून बसवायच्या अशा स्क्रूचा पूर्ण सेट म्हणजे चार-सहा जड ट्रे. एकात साडेचार ते साडेआठ मिमी जाडीचे, ३० ते ६० मिमी लांबीचे स्क्रू, दुसऱ्यात सरळ आणि आधीच बाक दिलेले रॉड, बाकीच्यांत सुया, टॅप (हाडात आटे पाडायचं अवजार), ड्रायव्हर, रॉड सरकवायचा होल्डर, स्क्रू जवळ आणणारा कॉम्प्रेसर, ते दूर सारणारा डिस्ट्रॅक्टर आणि सगळ्यात शेवटी हातात येणारं, ठरलेल्या पिळाला ‘टक्’ करणारं टॉर्क हँडल. गेल्या पंधरा-वीस वर्षांत यातला जवळपास प्रत्येक भाग बदलला. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मालाचं नाही. बहुतेक सेटांत जे बदल सारखेच आले, त्यातले कामाचे कोणते आणि कॅटलॉगपुरते कोणते, एवढंच इथे पाहायचं आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. स्क्रू मधोमध मोडणं आता क्वचित दिसतं. सेट हरतो तो जोडांवर: स्क्रू आणि हाड, ड्रायव्हर आणि स्क्रू, रॉड आणि हेड (स्क्रूचं डोकं, ज्याच्या फटीत रॉड बसतो), केज (चकतीच्या जागी ठेवायचा पोकळ ठोकळा) आणि एंडप्लेट (मणक्याचा चकतीकडचा हाडाचा पातळ थर). नवा सेट बघायला बसलात तर ‘यात नेमका कुठला जोड सुधारला?’ हा प्रश्न घेऊन ट्रे उघडा.

कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर थकव्याच्या चाचणीचा आकडा असतो. स्क्रू आणि रॉडची चौकट एएसटीएम या मानक-संस्थेच्या एफ१७१७ या पद्धतीने तपासतात. पॉलिएथिलीनच्या दोन ठोकळ्यांत चार स्क्रू बसवायचे, दोन बाजूंना रॉड लावायचे आणि ५० लाख वेळा भार द्यायचा. एवढ्या वेळा भार सोसून चौकट टिकली की तो भार तिला झेपतो असं धरतात. मधला मणका नाहीच असं यात गृहीत धरलेलं असतं, म्हणजे सगळा भार धातूवर येतो. त्या अर्थाने चाचणी कडक आहे. पण पॉलिएथिलीनचा ठोकळा ठिसूळ होत नाही, त्यातला स्क्रू ढिला पडत नाही. स्क्रू आणि हाडाच्या जोडाबद्दल हा आकडा अवाक्षर सांगत नाही. विक्रेता तो जोरात सांगायला लागला की मान डोलवावी आणि पुढचं पान उलटावं.

आता स्क्रू. पेडिकलमधून मणक्याच्या पुढच्या भागात स्क्रू घालण्याची कल्पना जुनी. फ्रान्समध्ये रेमंड रॉय-कॅमिल यांनी ती १९६३ पासून वापरली. मूळ कल्पना तीच राहिली, बदलले ते आटे. नव्या स्क्रूंवर दुहेरी आटे असतात, म्हणजे एका फेरीत स्क्रू दुप्पट आत जातो. फेऱ्या निम्म्या होतात, मनगट वाचतं, सहा-आठ स्क्रू बसवायचे असतील तर वेळही वाचतो. पकड मात्र त्यामुळे वाढत नाही, आणि कॅटलॉगात या दोन गोष्टी बेमालूम एकत्र केलेल्या असतात. वेगात जाणाऱ्या स्क्रूची दुसरी बाजू अशी की शेवटच्या एका फेरीत तो पाच-सहा मिमी पुढे जाऊ शकतो. म्हणून शेवटच्या दोन फेऱ्या अर्ध्या-अर्ध्या वळणात द्याव्यात आणि मध्ये सी-आर्मचा (ऑपरेशन चालू असताना क्ष-किरणांचा फोटो देणारं यंत्र) एक फोटो घ्यावा.

त्याहून उपयोगी बदल म्हणजे एकाच स्क्रूवर दोन जातीचे आटे: टोकाकडे स्पंजी हाडासाठी खोल आणि विरळ, मागच्या भागात पेडिकलच्या कठीण कवचासाठी उथळ आणि दाट. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. स्क्रू ओढून काढायला लागणाऱ्या बळापैकी सुमारे ६० टक्के एकटं पेडिकलच देतं, मणक्याचं शरीर, म्हणजे पुढचा जाड भाग, उरलेलं देतं. त्यामुळे लांबी वाढवून जे मिळतं त्यापेक्षा पेडिकल नीट भरून जास्त मिळतं. लांबी शरीराच्या साधारण ८० टक्के खोलीपर्यंत पुरे. जाडी मात्र सीटीवर पेडिकलची सर्वांत अरुंद जागा मोजून ठरवावी. अर्ध्या मिमीच्या टप्प्याने स्क्रू असलेला सेट इथे कामी येतो. साडेपाच ढिला आणि साडेसहाने पेडिकल फुटेल अशी शंका असते, तेव्हा सहाचा स्क्रू ट्रेत हवाच.

टॅपचाही हिशेब आहे. चांगल्या हाडात स्क्रूपेक्षा एक मिमी बारीक टॅप वापरतात. ठिसूळ हाडात टॅप वगळतात किंवा फक्त तोंडापुरता फिरवतात. सेटमधल्या टॅपवर छापलेला आकडा टॅपचाच बाहेरचा व्यास आहे, की ज्या स्क्रूसाठी तो टॅप आहे त्या स्क्रूचा, हे आधी विचारून घ्या. काही कंपन्यांनी टॅप मुळातच बारीक करून त्यावर स्क्रूचा आकडा छापलेला असतो. हे माहीत नसलं की एक मिमी दोनदा वजा होतो आणि कठीण पेडिकलला तडा जातो. हाड किती ठिसूळ आहे हे पाहायला वेगळी तपासणी नसेल तर ऑपरेशनसाठी काढलेला सीटी पुरतो: पहिल्या कंबर-मणक्याच्या स्पंजी भागाचं माप ११० हाउन्सफील्डच्या (सीटीवरचं घनतेचं एकक) खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस धरूनच तयारी करावी. १६०च्या वर असेल तर फारशी चिंता नाही.

पोकळ स्क्रू तारेवरून बसवायची पद्धत हा या सेटांचा कणा. कागदावर ती सोपी दिसते, म्हणून थोडं जवळून पाहू. समोरून घेतलेल्या फोटोत सुईचं टोक पेडिकलच्या बाहेरच्या कडेवर, घड्याळाच्या तीन किंवा नऊच्या जागी ठेवायचं. हातोडीने हलके टोले देत साधारण २० ते २५ मिमी आत न्यायचं. समोरून पाहताना टोक पेडिकलच्या आतल्या कडेला पोहोचण्याआधी, बाजूच्या फोटोत ते मणक्याच्या मागच्या भिंतीच्या पुढे गेलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर सुई मज्जारज्जूच्या नलिकेकडे चालली आहे. तिथेच थांबायचं, सुई मागे घ्यायची. दिसलं तर आतली सळई काढून तार घालायची, सुईच्या पुढे १०-१५ मिमी, आणि तार घट्ट धरून सुई काढायची. मग डायलेटर (वाट रुंद करणारी नळी), टॅप, स्क्रू. स्क्रूचं टोक मणक्याच्या शरीरात शिरलं की तार काढून टाकायची, स्क्रू पूर्ण बसायची वाट पाहायची नाही.

यात घोटाळा होतो तो तारेचाच. टॅप आत जाताना तार सोबत पुढे ढकलली जाते, किंवा टॅप काढताना तीही बाहेर येते. बाहेर आली तर वाट पुन्हा शोधावी लागते. पुढे गेली तर मणक्याची पुढची भिंत भेदून महाधमनीपर्यंत किंवा महाशिरेपर्यंत पोहोचू शकते. तार पुढे का जाते? एक तर टॅपची दिशा तारेच्या दिशेशी जुळत नाही, तार वाकते आणि त्या बाकात टॅप तिला चावतो. दुसरं कारण ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: टॅपच्या पोकळीत आधीच्या केसमधला हाडाचा भुगा वाळून बसलेला असतो. पोकळी दिसायला स्वच्छ, पण तार त्यात सरकण्याऐवजी अडकते आणि टॅपबरोबर फिरत पुढे जाते. त्यावरचा उपाय बिनखर्ची आहे. केस सुरू होण्याआधी प्रत्येक पोकळ टॅप आणि ड्रायव्हरमधून एक कोरी तार पूर्ण सरकवून बघायची. जिथे अडखळली ते अवजार बाजूला. निकेल-टायटॅनियमची लवचीक तार वाकून मोडत नाही, हा तिचा फायदा खरा आहे. पण ती हाताला काहीच सांगत नाही. स्टीलची तार निदान कठीण भिंतीला टेकल्याचं कळवते.

याच त्रासातून बिनतारेचे स्क्रू आले. स्क्रूच्या पोकळीतून बाहेर येणारी एक टोकदार सळई असते. तीच सुईचं काम करते, मग ड्रायव्हरवरचं चाक फिरवून सळई मागे घेत स्क्रू पुढे न्यायचा. सुई, तार, डायलेटर, टॅप यांच्या चार-पाच फेऱ्या वाचतात, सी-आर्मचे फोटो कमी होतात. नॅव्हिगेशन (अवजाराची जागा स्कॅनवर दाखवणारी यंत्रणा) असलेल्या ओटीत ही रचना आम्हाला आवडते. साध्या सी-आर्मवर मात्र जपून. सुईची दिशा चुकली तर सुई काढून दुसरी वाट करता येते. इथे पहिल्याच वाटेवर पूर्ण जाडीचा स्क्रू मागून येत असतो, चूक लक्षात येईपर्यंत पेडिकल खर्ची पडलेलं असतं.

स्क्रू किती पिळायचा हाही प्रश्न आहेच. हेड हाडाला टेकेपर्यंत पिळला की भक्कम वाटतं आणि तिथेच फसगत होते. फिरतं हेड साधारण २५ ते ३० अंश कलतं म्हणून तर रॉड सहज बसतो. हेड हाडावर दाबून बसलं की ते कलणं बंद, आणि आणखी पिळत राहिलं तर तरफेसारखी ओढ लागून आटे हाडातच सैल होतात. मग रॉड बसत नाही म्हणून स्क्रू अर्धी फेरी मागे घेतला जातो. आतला दांडा टोकाकडे निमुळता असेल तर मागे घेतलेल्या स्क्रूची पकड पहिल्यासारखी राहील याची खात्री नाही. एक-दोन मिमी मोकळं ठेवून थांबणं हे पुढे-मागे करण्यापेक्षा बरं.

ड्रायव्हरच्या जोडात झालेला बदल छोटा आणि अस्सल आहे. जुन्या षट्कोनी खाचेत सगळा जोर सहा कोपऱ्यांवर येतो, कोपरे झिजले की ड्रायव्हर गरागरा फिरतो. सहा पाकळ्यांच्या खाचेत जोर पाकळीच्या कडेवर पसरतो, खाच टिकते. त्याच्या जोडीला ड्रायव्हरची बाही हेडच्या आटेदार भिंतींवर पिळून बसते, त्यामुळे फिरतं हेडही सरळ उभं राहतं आणि स्क्रू ड्रायव्हरला एकजीव होतो. तपासायचं कसं? ट्रेतला सर्वांत लांब स्क्रू ड्रायव्हरवर लावा, टोक बोटात धरा आणि हलवा. खुळखुळ जाणवली तर बाही झिजली आहे. पन्नास मिमीच्या स्क्रूच्या टोकाशी ती खुळखुळ किती मोठी होते, ते हातातच कळेल.

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा जोड: हेड, रॉड आणि रॉडला हेडमध्ये आवळून धरणारा सेट स्क्रू. छोट्या छेदाच्या सेटमध्ये हेडवर लांब पाकळ्या किंवा नळीसारखे एक्स्टेन्डर असतात, ते त्वचेच्या बाहेर दिसतात. रॉड एका टोकाच्या छेदातून स्नायूंच्या आवरणाखाली सरकवत एकेका हेडच्या फटीतून न्यायचा असतो. डोळ्यांना काही दिसत नाही, आणि बाजूच्या फोटोत रॉड हेडच्या शेजारून गेला तरी हेडमधूनच गेल्यासारखा दिसतो. इथली खूण अशी: रॉड गेल्यावर प्रत्येक एक्स्टेन्डर बोटांनी फिरवून बघायचा. फटीत रॉड असेल तर तो थोडासा हलून अडतो. पूर्ण गोल फिरला तर रॉड बाहेर आहे, फोटो काहीही सांगो. दोन्ही टोकांच्या हेडबाहेर रॉड निदान चार-पाच मिमी दिसला पाहिजे. काठावर धरलेला रॉड पुढे निसटतो.

सेट स्क्रूचे आटे जुन्या रचनेत व्ही आकाराचे होते. पिळताना ते हेडच्या भिंती बाहेर फाकवत आणि तिरके चढत. आता चौकोनी किंवा उलट्या कलाचे आटे येतात. ते भिंतींना आत ओढतात, फाकू देत नाहीत. या एका बदलासाठी आम्ही जुना सेट बदलायला सांगू. तरीही तिरकं चढणं संपलेलं नाही, कारण रॉड पूर्ण खाली बसण्याआधीच सेट स्क्रूने त्याला खाली ओढायचा मोह होतो. दोन-तीन मिमी असेल तर चालतं. त्याहून जास्त असेल तर रिड्यूसर (रॉडला हेडमध्ये खाली दाबणारं अवजार) लावायचा. सेट स्क्रू आधी उलटा, डावीकडे फिरवायचा. आटा आट्यात पडल्याची बारीकशी ‘टक्’ हाताला जाणवते, मग उजवीकडे. पहिल्या फेरीतच जोर लागला तर तिथेच थांबून काढायचा, तोच सेट स्क्रू पुन्हा वापरायचा नाही.

शेवटचा पिळ टॉर्क हँडलने. बऱ्याच सेटांत तो ९ ते १२ न्यूटन-मीटरच्या घरात असतो, आणि तो देताना काउंटर-टॉर्कची (उलट जोर देऊन हेड स्थिर धरणारी) नळी हेडवर बसवून रॉडला अडकवायची असते. ती विसरली की तेवढा पिळ रॉडमधून स्क्रूला आणि स्क्रूतून पेडिकलला जातो. दहा न्यूटन-मीटर ठिसूळ पेडिकलला फार होतात. कॉम्प्रेशन किंवा डिस्ट्रॅक्शन करायचं ते शेवटच्या पिळाआधी, आणि हँडल ‘टक्’ करेपर्यंत प्रत्येक हेडला एकदाच. सलग दोनदा टक् करवून घेण्याची सवय काही हातांना असते. त्याने पकड वाढत नाही, आटे दमतात. शेवटी लांब पाकळ्या तोडायच्या. प्रत्येक स्क्रूच्या दोन, चार स्क्रूंच्या आठ. मोजून ट्रेत ठेवायच्या. सातच सापडल्या तर छेद बंद करायचा नाही.

रॉडबद्दल जाहिरात फार, त्यातलं घेण्यासारखं एवढंच. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून साडेपाच मिमीऐवजी सहाचा रॉड घेतला की त्याच धातूत कडकपणा सुमारे ४२ टक्क्यांनी चढतो. पावणेपाचचा घेतला तर साडेपाचच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर येतो. टायटॅनियम मिश्रधातूचा कडकपणा साधारण ११० गिगापास्कल, कोबाल्ट-क्रोमचा त्याच्या दुप्पट. मोठा बाक सुधारायचा असेल तर कोबाल्ट-क्रोम आकार धरून ठेवतो. पण कडक रॉड आणि ठिसूळ हाड ही जोडी विजोड, कारण रॉड वाकत नाही तेव्हा स्क्रू उपटतो. एमआरआयमध्येही कोबाल्ट-क्रोमची काळी सावली टायटॅनियमपेक्षा मोठी पडते.

टायटॅनियमचं दुखणं वेगळं: त्याला ओरखडा सोसत नाही. बेंडरने रॉड वाकवताना जिथे दात रुततात तिथेच पुढे तडा सुरू होतो. एकदा वाकवून मग ‘जास्त झाला’ म्हणून उलटा सरळ केलेला रॉड वापरूच नये. म्हणून रुग्णाच्या मोजमापाप्रमाणे कारखान्यातूनच बाक देऊन येणारे रॉड हा खरा सुधार आहे, त्यावर बेंडरचा डाग नसतो. अडचण अशी की ठरवलेला बाक आणि टेबलावर मिळालेला बाक तंतोतंत जुळेलच असं नाही, आणि ऐनवेळी एक मणका वाढवावा लागला तर तो रॉड आखूड पडतो. सोबत साधा रॉड निर्जंतुक करून ठेवायलाच हवा. कार्बन-फायबर आणि पीक (PEEK) या टणक प्लास्टिकचे रॉड मुख्यतः गाठीच्या (ट्यूमरच्या) रुग्णांसाठी. ते सीटी-एमआरआयमध्ये सावली जवळपास पाडत नाहीत, रेडिएशनचं नियोजन नीट होतं. टेबलावर ते वाकवता येत नाहीत, एवढं लक्षात ठेवून आकार आधी ठरवावा.

ठिसूळ हाडासाठी छिद्रांचे स्क्रू येतात, आतून सिमेंट भरायचे. काम करतात, पण चुकीला जागा कमी. छिद्रं मणक्याच्या शरीराच्या पुढच्या भागात असली पाहिजेत; स्क्रू आखूड पडला तर सिमेंट थेट नलिकेच्या दिशेला जातं. टोकाने पुढची भिंत भेदलेली असेल तर सिमेंट घालूच नये. आधी सगळे स्क्रू अंतिम जागी, मग सिमेंट, तेही टूथपेस्टइतकं घट्ट झाल्यावर, स्क्रूमागे साधारण दीड ते दोन मिली, आणि अर्ध्या-अर्ध्या मिलीला बाजूचा फोटो. शिरेत बारीक रेघ दिसली की थांबायचं. ती रेघ महाशिरेतून फुप्फुसाकडे जाते. सिमेंट पूर्ण कडक होईपर्यंत रॉडला हात लावायचा नाही. कंबरेच्या सिमेंटच्या स्क्रूंसोबत ‘पुढे काढायचे कसे?’ हे विक्रेत्याला विचारून बघा, बहुतेक वेळा विषय बदलतो.

केजमध्ये गेल्या दशकात पीक मागे पडलं आणि थ्रीडी छपाईचं टायटॅनियम पुढे आलं. पीकचा कडकपणा तीन-चार गिगापास्कल, म्हणजे हाडाच्या जवळचा, क्ष-किरणात पारदर्शक, सगळं छान. पण हाड त्याला चिकटत नाही, मध्ये तंतूंचा पातळ थर तयार होतो. त्यावर उपाय म्हणून पीकवर टायटॅनियमचा मुलामा आला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. हातोडीने ठोकून बसवताना एंडप्लेटवर घासून तो मुलामा खरवडला जाऊ शकतो. छपाईच्या केजमध्ये जाळीच धातूची असते, तिची छिद्रं ३०० ते ८०० मायक्रॉनच्या आसपास, हाड आत वाढू शकतं. शिवाय जाळीमुळे मूळ धातूच्या मानाने कडकपणा बराच उतरतो. हा जोड खरोखर सुधारला. तोटे दोन: खरखरीत पृष्ठभाग मऊ भागांना पकडतो, त्यामुळे नर्व्ह रूट (मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेचं मूळ) बाजूला नीट धरून केज नळीतूनच आत न्यावी. आणि ठोकलेली केज मागे घ्यायची वेळ आली तर ती एंडप्लेटचा तुकडा सोबत घेऊन येते.

पसरणाऱ्या केज अरुंद वाटेने सात-आठ मिमी उंचीच्या आत जातात आणि आत गेल्यावर बारा मिमीपर्यंत उंच होतात. नर्व्ह रूटवर ओढ कमी येते, हे मान्य. पण उंची एका बारीक स्क्रूच्या यंत्रणेने वाढते. त्या यंत्रणेमुळे जोर कित्येक पट होतो आणि हाताला काही कळत नाही. साधी केज ठोकताना हाड ‘पुरे’ म्हणतं ते हातोडीच्या आवाजात ऐकू येतं. इथे आवाज नाही, थेट एंडप्लेट फुटल्यावर फोटोत कळतं. चकती साफ करताना कूर्चा काढायची, हाडाची पातळ प्लेट राखायची, आणि केज मध्यावर न ठेवता कडेच्या मजबूत वलयाकडे ठेवायची, मग पसरवायची. पसरल्यावर आत पोकळी उरते, ती भरायला मागून हाडाचा भुगा ढकलायची वाट असलेलीच केज घ्यावी. ती नसेल तर उंची मिळते, जुळायला हाड नाही.

नॅव्हिगेशन आणि रोबोटबद्दल वाद फार होतात. स्क्रूची जागा मोजायला गर्ट्झबाइन-रॉबिन्स यांची १९९० सालची पद्धत अजून चालते: पूर्ण आत तो ‘ए’, दोन मिमीपेक्षा कमी बाहेर तो ‘बी’, पुढे दोन-दोन मिमीच्या टप्प्याने ‘ई’पर्यंत. ए आणि बी चालवून घेतात. आकड्यांत रोबोट चांगला दिसतो. फसतो कुठे? फॅसेटच्या (मणक्यांमधल्या मागच्या छोट्या सांध्याच्या) उतारावर ड्रिलचं टोक घसरतं. यंत्राचा हात अचूक जागी असतो, टोक मात्र दोन मिमी बाहेर जातं आणि पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. उताराची जागा बरने (हाड घासणाऱ्या गोल टोकाने) सपाट करून घ्यायची, ड्रिल पूर्ण वेगात आणून मग हाडाला टेकवायचं, बाहीवर स्नायूंचा दाब येईल इतका छोटा छेद घ्यायचा नाही. दुसरी अडचण संदर्भ-चौकटीची, म्हणजे यंत्राला रुग्णाची जागा दाखवणाऱ्या खुणेची. ती कमरेच्या हाडावर लावलेली असते, कुणाचा कोपर लागला की सगळा नकाशा सरकतो. दर मणक्यावर काम सुरू करण्याआधी ओळखीच्या हाडाच्या टोकाला पॉइंटर टेकवून पडद्याशी ताडून बघायला दहा सेकंद लागतात. चौकटीपासून चार-पाच मणके दूर गेल्यावर अचूकता कमी होते, तेव्हा नवा स्कॅन घ्यावा.

त्यामानाने टोकाशी विद्युतवाहकता मोजणारा प्रोब साधा आणि स्वस्तातला. कठीण हाडात आवाज मंद आणि खालचा, स्पंजी हाडात मध्यम, मऊ भाग किंवा रक्त लागलं की चढा आणि जलद. बॅटरी निर्जंतुक पॅकमधली, एकदाच वापरायची. ठिसूळ हाडात रक्त जास्त असतं, तेव्हा स्पंजी भागातही आवाज चढतो. तो धोक्याचा समजून दरवेळी दिशा बदलली तर वाट रुंद होते.

सेटची खरी परीक्षा ओटीइतकीच सीएसएसडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात होते. रंगांवरून स्क्रूची जाडी ओळखायची सोय चांगली, पण तो रंग म्हणजे टायटॅनियमवरचा ऑक्साइडचा थर. तीव्र अल्कलाइन डिटर्जंटने तो फिका पडतो आणि निळा-हिरवा एकसारखे दिसू लागतात. म्हणून रंगावर भरोसा न ठेवता लेझरने कोरलेला आकडा वाचावा, निदान कोरलेला आकडा आहे ना हे सेट घेतानाच पाहावं. ट्रेतले न वापरलेले स्क्रू केसमागून केस पुन्हा-पुन्हा धुतले आणि ऑटोक्लेव्ह केले जातात, त्यांच्या आट्यांत डाग साचतात. सुटे, निर्जंतुक पॅकमधले स्क्रू त्यामुळे बरे. पसारा आणि कचरा वाढतो, चुकीचा आकार उघडला की तो स्क्रू वाया जातो, तरीही बरे. टॉर्क हँडलचं कॅलिब्रेशन (पिळाचा आकडा बरोबर आहे का याची तपासणी) किती वापरांनी करायचं हे निर्माता लिहून देतो, पण वापर मोजायची वही बऱ्याच ठिकाणी नसते. बाहेरून मागवलेल्या सेटचं हँडल किती ठिकाणी फिरून आलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. त्याची शेवटची कॅलिब्रेशन तारीख सेटसोबतच्या कागदावर नसेल, तर तो सेट अपुरा समजावा.

आणि काढायची अवजारं. पाच-सात वर्षांनी मणके एकमेकांना जुळले नाहीत, जंतुसंसर्ग झाला, रॉड मोडला तर हेच स्क्रू काढायचे असतात. सेट स्क्रूची खाच कुठल्या मापाची, हेडच्या आत ड्रायव्हर कुठला बसतो, हे त्या दिवशी पॅकवरच्या स्टिकरशिवाय कुठेच सापडत नाही. रचना बदलली की जुना ड्रायव्हर कॅटलॉगमधून निघून जातो. सुट्या पॅकमधल्या स्क्रूचं स्टिकर रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवायला दोन मिनिटं लागतात. ट्रेमधल्या स्क्रूला स्टिकर नसतं, तिथे सेटचं नाव, स्क्रूचा भाग-क्रमांक आणि ड्रायव्हरच्या टोकाचं माप हाताने लिहून ठेवावं लागतं.